सोमवार पाळणारी बिजली

३० डिसेंबर २०२४, येळवस

तारेच्या कंपनीकडून दर वर्षी डायरी येते. दर वर्षी ती मी कुणाला तरी देऊन टाकतो आणि तो माणूस वर्षभर मला वाकून नमस्कार करतो. यंदा ठेवून घेतली. मनाला एक गोष्ट लागून राहिली आहे आणि ती बाजारात बोलण्यासारखी नाही. डायरी पंचवीस सालची, म्हणून हे आधीच्या कोऱ्या पानावर लिहितो.

येळवसीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूरकडच्या मुरुडजवळ एका गिऱ्हाइकाच्या शेतावर गेलो होतो. त्याच्या बोअरच्या मोटारी मीच बांधतो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली. भज्जी, उंडे, आंबील, सगळं रीतसर. बिजली सोबत होतीच. बिजली म्हणजे माझी कुत्री. नऊ वर्षांमागं सबमर्सिबलच्या रिकाम्या खोक्यात कुणीतरी दुकानापुढं पिल्लू टाकून गेलं, ते हे. दिवसा दुकानात वाइंडिंगच्या टेबलाखाली, रात्री घरी, जिना चढून वर, माझ्या पलंगापाशी. मी 'घे' म्हटल्याशिवाय ताटलीला तोंड लावत नाही, हे लातूरच्या साऱ्या गंजगोलाई बाजाराला माहीत आहे.

गिऱ्हाइकानं तिच्यापुढं भाकरी टाकली. हुंगून ती बाजूला झाली. मी म्हटलं, "टाकू नका. आज सोमवार हाय. सोमवार पाळती ती."

लोक हसले. मी म्हटलं, हसण्यावारी नेऊ नका. चार-पाच वर्षं झाली, सोमवारी हिच्या पोटात अन्न जात नाही. आम्ही लिंगायत, घरात रोज लिंगपूजा. जनावरालासुद्धा वळण लागतं. एका म्हातारीनं तर बिजलीला हात जोडले.

आमची बायको नीलाबाई तेवढी हसलीही नाही आणि बोललीही नाही. उदगीरकडची आहे, गप्प बसायचं तर पाटावर बसल्यासारखी गप्प बसते.

दुपारी ती बिजलीचं पोट खाजवत होती. एकदम थांबली. "ओ, इकडं हात लावा जरा."

स्तनापाशी गाठ. सुपारीएवढी, टणक.

२ जानेवारी २०२५

काचेच्या दाराच्या दवाखान्यात गेलो. लातुरात नवीनच आहे. आत थंड हवा आणि एका बाईच्या मांडीवर मांजर, त्याला स्वेटर. डॉक्टर पोरगेला. गाठ दाबून पाहिली, म्हणाला, काढावीच लागेल, लांबवू नका. आधी रक्त, एक्स-रे, मग ऑपरेशन, मग चार दिवस ॲडमिट. मग आकडा सांगितला.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ह्यात तांबं किती आन् मजुरी किती?"

तो हसला नाही. जो माणूस भाव करताना हसत नाही, त्याच्यापुढं बसून उपयोग नसतो.

घरी नीलाबाई म्हणाली, "तुमच्या किडनीतला खडा काढला तवा भाव केलता का?"

"तवा मी बेशुद्ध होतो."

पण माझी अडचण वेगळी आहे. नांदेडला मालकाच्या दुकानातच झोपून मी हे काम शिकलो. तेव्हापासून गिऱ्हाइकाला एकच सांगत आलो की स्वस्तात बांधलेली मोटार जळते. आता मलाच स्वस्तात पाहिजे आणि जळायलाही नको. असं गिऱ्हाईक माझ्याकडं आलं असतं तर मी चहा पाजून वाटेला लावलं असतं.

३ जानेवारी

आज जे पाहिलं ते लिहिताना हात गरम झाला आहे.

डॉक्टरनं सांगितलं होतं, फार हिंडू देऊ नका. बिजली रोज एकच्या सुमाराला मागच्या दारानं जाते आणि चारला येते. मला वाटायचं, गोडाऊनच्या सावलीला झोपत असेल. आज मागचं दार लावून घेतलं.

एक वाजला आणि भिंतीपलीकडून आवाज आला. टक्-टक्. बिजली अशी उसळली की वार्निशचा डबा सांडला. दार ओरबाडायला लागली.

हा आवाज मी कित्येक वर्षं ऐकतो आहे. बाजारात माझ्या कानाचं नाव आहे. मोटार न उघडता कुठलं बेरिंग गेलं ते सांगतो. आणि हा आवाज मी मागच्या पत्र्याच्या दुकानाचा समजत होतो!

दार उघडून तिच्या मागं गेलो. दुकानाच्या मागं एक भिंत, भिंतीला भगदाड, पलीकडं गल्ली. इतक्या वर्षांत त्या गल्लीत मी गेलो नव्हतो. काम पडलं नाही. लिंबाखाली एक घर. उंबऱ्यात खाकी विजार घातलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस, हातात एसटीच्या कंडक्टरांकडं पूर्वी असायचा तो तिकीट पंच. लोखंडी फाटकावर तो पंच वाजवत होता. टक्-टक्.

"चला तिकीट, चला, आत सरका!" तो म्हणाला.

माझी बिजली शेपूट हलवत आत सरकली. त्यानं पंच एकदाच वाजवला, टक्. ती बसली. माझ्या सांगण्यानं ती कधी बसलेली नाही.

मला पाहून तो उठला. "या, संगमआप्पा. या की. बसा."

माझं नाव त्याला माहीत. मला त्याचं नाही.

"ही माझी कुत्री हाय," मी म्हटलं.

"हाव, ठाऊक हाय की. दुपारची आमच्याकडं असती. मी धम्मानंद. लातूर-नांदेड गाडीवर कंडक्टर होतो, रिटायर झालो. सिंधु, आप्पाला पाणी आण गं."

"तिकीट काय म्हणता तिला? तिचं नाव बिजली हाय."

"आमाला कुठं ठाऊक होतं. दारात आली, आत घ्या म्हणाली. आत घेतलं तर तिकीट फाडावंच लागतंय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसला.

पाणी न पिताच आलो. बिजली चार वाजता आली. रोजच्यासारखी माझ्या पायावर डोकं ठेवून झोपली. मी पाय काढून घेतला.

५ जानेवारी, रविवार

दुकान बंद असतं तरी बिजली दुपारी घरून निघाली, मीही मागोमाग गेलो. भिंतीच्या भगदाडापाशी उभा राहिलो. माझ्या वयाला शोभणारं नाही, पण कुणी पाहिलं नाही.

आधी कुकरच्या शिट्ट्या. मग मसाल्याचा वास. मग कडाक् असा आवाज. बेरिंगची गोळी फुटते तसा. हाड फुटल्याचा आवाज होता तो. आणि सिंधुबाईचं बोलणं, "हळू खा गं, तुझंच हाय. उरलेलं उद्याला ठेवते."

दर रविवारी मटण. उरलेलं सोमवारी दुपारी. म्हणजे सोमवारी रात्री माझ्या घरी ताटलीकडं पाठ फिरवून बसते, ती काही महादेवासाठी नाही.

घरी येऊन नीलाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

"तुला ठाऊक होतं?"

"तोंडाचा वास येत न्हाई का माणसाला?"

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तुमी साऱ्या बाजारात सोमवार सांगत सुटलेले. मठातल्या स्वामींच्या पुढंसुद्धा सांगितलं. मी काय बोलू?"

मला मटणाचं काही वाटत नाही. कुत्र्याची जात आहे, खाणार. पण तिला ते आवडतं हे मला न सांगता तिनं दुसऱ्याला सांगितलं, हे कुठं बसवायचं?

७ जानेवारी

धम्मानंद दुकानात आला. पायरीच्या खालीच उभा होता. मी वर ये म्हटलं नाही, कारण हातात कॉइल होती.

"आप्पा, तिच्या गाठीचं बोलायचं होतं. महिन्यामागं आमच्या सिंधुच्या हाताला लागली. तवा बोरायेवढी होती."

महिन्यामागं! म्हणजे माझ्या आधी.

"नांदेडला डॉक्टर दामिनी हायत. अहमदपूरहून कॉलेजला माझ्याच गाडीनं जायच्या. आता त्यांचा दवाखाना हाय. महिन्यातून दोन सोमवार एका ट्रस्टच्या मदतीनं ऑपरेशन करतात. भूल देणारा डॉक्टर बाहेरून येतो. नुसता औषधाचा खर्च घेतात. हात लई चांगला हाय पोरीचा. मी फोटो पाठवलेत. वीस तारखेची जागा धरून ठेवलीय."

जागा धरून ठेवली! खिडकीतून रुमाल टाकावा तशी.

मी गोड बोलतो, ही माझी कमाई आहे. गोडच बोललो. "बघतो की, कंडक्टरसाहेब. आमच्याबी ओळखी हायत नांदेडात. नांदेड मला नवं न्हाई."

"लांबवू नका तेवढं, आप्पा."

टेबलाखालून बिजली निघाली आणि त्याला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत सोडून आली. मला ती कधी दुकानाच्या पायरीपर्यंतही सोडायला येत नाही. अर्थात मी दुकान सोडून जातो कुठं.

१० जानेवारी

नांदेडला जाऊन आलो. माझा जुना जोडीदार मल्लिकार्जुन तिथं पंपाचा व्यापार करतो. त्यानं एक माणूस सांगितला होता, निम्म्याच्या निम्म्यात करतो म्हणून. बिजलीला नेलं नव्हतं, आधी एकट्यानं बघून घेतलं.

पेंडीच्या दुकानामागं खोली. माणूस चांगला बोलका. म्हणाला, तासाभरात उरकतो, तुम्ही तोवर गुरुद्वाऱ्याला जाऊन या. मी विचारलं, भूल कोण देतं? म्हणाला, "गरज पडत न्हाई, दोरीनं आवळून धरतो." आतल्या बाजूला एक कुत्रं कण्हत होतं. बारीक, एका सुरात, थांबत नव्हतं. मोटार जळायच्या आधी असाच आवाज काढते.

तिथून जे निघालो ते अर्धापूरच्या रस्त्याला लागलो, उलट्या दिशेनं. दोन किलोमीटर गेल्यावर केळीचे ट्रक दिसले तेव्हा कळलं.

नीलाबाईनं विचारलं, "झालं का काम?" म्हटलं, "माणूस घरी नव्हता."

१४ जानेवारी, संक्रांत

चार दिवस झाले, बिजलीला घरीच बांधलं आहे. डॉक्टरनं हिंडू देऊ नका म्हटलंय. मीही दुपारी घरी जेवायला येतो.

पण एकला ती उठून बसते. कान मागच्या बाजूला. घर दुकानापासून दोन गल्ल्या सोडून, इथं तो आवाज येत नाही. मला तरी येत नाही. आज दुकानात मी रेडिओ मोठा केला, तरी भिंतीपलीकडून टक्-टक् ऐकू आलंच. थोडं थांबून परत. मग परत. गाडी सुटायच्या वेळेला एखादा प्रवासी दिसत नसेल तर वाजवतात तसं.

लोक तिळगूळ घेऊन येत होते. सगळ्यांशी गोड बोललो.

१५ जानेवारी

आज एक वाजता पलीकडून काहीच वाजलं नाही. जिंकलो म्हणायचं.

कामात मन लागलं नाही. एका मोटारीला उलटे वेढे दिले, सगळं परत उसवावं लागलं. गेल्या कित्येक वर्षांत असं झालेलं नाही.

१७ जानेवारी

गाठ फुटली. सकाळी गोधडीवर रक्त.

नीलाबाई एरवी आवाज चढवत नाही. आज चढवला. "अय्यो, किती दिवस भाव करणार तुमी? आन् भाव पैशाचा असता तर मी गप बसले असते. तुमचा भाव दुसराच चाललाय!"

मी म्हटलं, कसला दुसरा? ती रडायला लागली, तेव्हा मी फोन लावला. डॉ. दामिनींचा नंबर दवाखान्याच्या पाटीवरून मिळवला. नांदेडला गेलो होतो तेव्हा त्या रस्त्यानं सहज गेलो होतो, पाटी दिसली, लिहून घेतला होता. लातूरहून बोलतोय, कुत्री आहे, रक्त येतंय. ड्रेसिंग आणि गोळ्या सांगितल्या त्यांनी. सोमवारी उपाशी पोटी घेऊन या म्हणाल्या.

धम्मानंदचं नाव मी काढलं नाही. माझी कुत्री, मी माझ्या नावानं नेणार.

२० जानेवारी, सोमवार, नांदेडहून आल्यावर

थकलो आहे पण आजचं आजच लिहितो.

पहाटे टेम्पो काढला. नीलाबाई मागं बिजलीचं डोकं मांडीवर घेऊन. दवाखाना साधा. डॉ. दामिनी तिशी-पस्तिशीच्या, उंच, बोलायला खणखणीत. बिजलीला पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही तर काकांची तिकीट! काका कुठायत?"

मी म्हटलं, "हिचं नाव बिजली. मालक मी हाय."

"बरं बरं. बिजली."

बिजलीचं काय बिनसलं कोण जाणे. टेबलावर घेतलं तर थरथरायला लागली. दातखीळ बसल्यासारखा जबडा. रक्त काढायला गेले तर उसळली. मी जवळ घेतलं, 'बिजली, बिजली' म्हटलं. तिनं माझ्या हाताला दात लावले.

जखम फार नाही. पण नऊ वर्षांत पहिल्यांदा.

डॉक्टरनं विचारलं, "गेल्या काही दिवसांत हिचं काही बदललं का? जागा, माणसं?"

"बांधून ठेवली होती," नीलाबाई म्हणाली. माझ्याकडं न बघता.

डॉक्टर म्हणाल्या, "अशा घाबरलेल्या जिवाला भूल देणं बरं नाही. हृदय आधीच पळतंय. काकांना बोलवा. त्यांचं ऐकते म्हणाले होते. दोन वाजेपर्यंत शांत झाली तर करू. भुलीचे डॉक्टर चारला जातात. नाहीतर पुढचा सोमवार पंधरा दिवसांनी, आणि ही जखम तोवर थांबणार नाही."

मी बाहेर आलो. फोन हातात. अकरा वाजून गेलेले. लातूरहून निघाला तरी वेळेत पोचणं कठीण. हे सगळं खरं. आणि त्याला फोन करायचा म्हणजे काय, तेही खरं. तो मला पायरी उतरायला लावत होता आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. मी वायरच्या एजन्सीसाठी मुंबईच्या शेठपुढं वाकलो नाही. पण आतून नळासारखा बारीक आवाज येत होता. त्या पेंडीच्या दुकानामागं ऐकला होता, तोच. आता माझ्या बिजलीचा.

नंबर डॉक्टरनंच दिला.

"हॅलो, मी संगमेश्वर. मोटारवाला."

"बोला आप्पा."

"ती ऐकत न्हाई. मला चावली." एवढंच बोललो.

"उतरलोच बघा स्टॅंडवर. रिक्षात बसतोच आता."

"स्टॅंडवर? कुठल्या?"

"नांदेडच्या. सकाळच्या गाडीनं निघालतो. वहिनींनी निरोप धाडला होता ना."

मी काचेतून नीलाबाईकडं पाहिलं. ती बिजलीचे कान चोळत होती, पाटावर बसल्यासारखी गप्प.

तो आला. चपला बाहेर काढल्या, आत जाऊन जमिनीवरच बसला. पंच काढला नाही. बिजली टेबलावरून उतरून त्याच्या मांडीवर पालथी पडली. मोठा उसासा टाकला. मग त्यानं मला खुणेनं बोलावलं. "हितं बसा आप्पा. ह्या बाजूला. मागचा पाय तुमच्याकडं घ्या." मी बसलो. सुई टोचली तेव्हा तिचं डोकं त्याच्याकडं होतं आणि पाय माझ्या हातात.

ऑपरेशन दीड तास. आम्ही बाहेर बाकावर. तो म्हणाला, "लॉकडाऊनला तुमचं दुकान बंद होतं बगा. ही शटरला पाठ लावून बसायची. दोन दिवस बघितलं, मग पंच वाजवला. सवयच होती हाताला."

तेव्हा मी उदगीरला सासरवाडीत दोन महिने अडकलो होतो. वॉचमनला सांगून ठेवलं होतं तिचं. वॉचमननं बघितलंही असेल. मी धम्मानंदला चहा सांगितला.

गाठ मुळासकट निघाली. तपासायला पाठवली आहे. औषधाचे सगळे पैसे मी दिले. त्याला खिशात हात घालू दिला नाही. तेवढं तरी.

२१ जानेवारी

नवीनच पेच. डॉक्टरनं सांगितलंय, टाके निघेपर्यंत जिना नको. आमचं घर वर. दुकानात तारेचे तुकडे, धूळ. धम्मानंदचं घर जमिनीला जमीन.

बिजली तिकडं आहे. गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा. नीलाबाई म्हणते, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. प्रश्न तिच्या पलंगाचा नाही ना. माझ्या पलंगापाशी कोरी फरशी आहे.

२३ जानेवारी

लक्ष ठेवायला दुपारी जातो. दुसऱ्याच्या भरवशावर टाकायची माझी पद्धत नाही. डबा सोबत नेतो, म्हणजे कुणाचं ओझं नको. सिंधुबाईनं न विचारता कारळाची चटणी वाढली. तिळाएवढीही शिल्लक राहिली नाही. मी मुद्दाम संपवली, टाकणं वाईट दिसतं.

त्यांच्या पंख्याचं बेरिंग किरकिरतं. अर्धा तास ऐकून कान किटले. आज काढून आणला आणि बदलून दिला. उपकार म्हणून नाही, मला तो आवाज सहन होत नाही.

धम्मानंद गाडीवरचे किस्से सांगतो. निम्मे थापा असाव्यात. अहमदपूरच्या घाटात एक बाई बाळंत झाली आणि त्यानं बाळाचं अर्धं तिकीट फाडलं म्हणे. मी म्हटलं, तेवढ्या लेकराला तिकीट लागत नाही. तो म्हणाला, "आठवण म्हणून दिलं हो, आप्पा! पैशे माझ्याच खिशातले!" मला हसू आलं, पण बिजलीचे टाके दुखतील म्हणून मोठ्यानं हसलो नाही.

२६ जानेवारी, रविवार

आज रविवार असल्यानं जावं की नाही असा विचार केला. शेवटी गेलो. घरात वरण-भात आणि मेथी. शेजारच्या घरातून मात्र मसाल्याचा वास येत होता. बिजलीला डॉक्टरनं हलकं खायला सांगितलंय, त्यामुळं यांनीही साधंच केलं असणार. पथ्याला पक्की माणसं आहेत, एवढं मान्य करावं लागेल.

मी आलो तेव्हा बिजली उठली आणि भोंगा दाराला आपटत माझ्यापर्यंत चालत आली. धम्मानंद बसलेला असताना. त्याच्याकडं पाहिलं. त्याचं तोंड जरासं उतरलं होतं का? वाटलं तसं. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं बरं वाटलं नाही.

३१ जानेवारी

टाके निघाले. नांदेडला धम्मानंद आणि मी दोघंच घेऊन गेलो, टेम्पोत पुढं तिघं, मधे बिजली. डॉ. दामिनी म्हणाल्या, गाठीचा रिपोर्ट चांगला आहे, पसरलेलं काही नाही, सहा महिन्यांनी एकदा दाखवा. धम्मानंदनं तिथंच डोळे पुसले. मी बाहेर जाऊन टेम्पोची हवा बघितली. चारही चाकांची.

परतीच्या वाटेवर डॉक्टरीणबाईनं सांगितलेलं तो परत परत सांगत होता. मीही तिथंच होतो, तरी ऐकून घेतलं.

आता बिजलीला वर न्यायला हरकत नाही. पण जिना नऊ पायऱ्यांनंतर वळतो, वळणावर घसरते. आणखी चार-सहा दिवस खालीच बरी. धम्मानंदला तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुमी म्हणताल तसं, आप्पा."

४ फेब्रुवारी

बिजलीला टेम्पोतून फिरवून आणलं, उतरवताना कंबरेत चमक भरली. धम्मानंदनं त्याच्याच उंबऱ्यात पालथं पाडून मलम चोळलं. "कंडक्टरकीत ह्याच कमरेवर तीस वर्षं काढली, मला सांगू नका," म्हणत होता. रस्त्यानं जाणारी माणसं बघत होती. बघू द्या.

६ फेब्रुवारी

धम्मानंद आणि सिंधुबाई अहमदपूरला गेले, मुलगी पुनमकडं. आठ-दहा दिवस राहणार. जाताना बिजलीला माझ्याकडं सोडलं. ती आता माझ्या पलंगापाशी आहे. पूर्ण माझी, चोवीस तास. हेच तर पाहिजे होतं.

दुपारी एकला दोघंही त्या गल्लीत जाऊन आलो. कुलूप आहे. माहीत होतंच. तिला फिरवायला पाहिजे म्हणून गेलो.

८ फेब्रुवारी

रात्री जेवण झाल्यावर त्याचा फोन आला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"तिकीट कशी हाय?"

"बरी हाय."

"खाती का?"

"खाती."

"टाक्याची जागा लाल न्हाई ना? चाटत न्हाई ना? रातच्याला थंडी हाय, अंगावर काही टाकता ना? सिंधु विचारती, चटणी-भाकरी देऊ नका म्हणावं, तिखट सोसत न्हाई तिला."

सगळ्याची उत्तरं दिली. मग त्यानं फोन तिच्या कानाला लावायला सांगितला. लावला. काय बोलला ते माझ्या कानांनाही नीट ऐकू आलं नाही. बिजलीनं मान वाकडी केली आणि शेपूट हलवली. मग म्हणाला, "बरं ठेवतो आप्पा, पुनमचा रिचार्ज संपत आलाय."

ठेवला.

माझी कंबर चार दिवस झाले धरून आहे. उठताना भिंत लागते. मलम त्यानंच चोळलं होतं, त्याला सगळं ठाऊक आहे. तिचं खाणं, तिचे टाके, तिची थंडी, सगळं विचारलं. माझ्या कंबरेचं एका शब्दानं विचारलं नाही.

नीलाबाईला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसण्यासारखं काय आहे ह्यात, मला कळलं नाही.